गढीवरची एक रात्र: पहाऱ्याच्या प्रयोगाच्या नोंदी

२६ ऑक्टोबर २०२५

दिवाळी संपली. दारादारांतले मातीचे किल्ले अजून मोडलेले नाहीत. वर पेरलेलं हळीव पिवळं पडलंय, मावळे वाऱ्यानं आडवे झालेत. आज तालमीत सगळे जमलो. विषय दरवर्षीचाच, शिवजयंतीला काय करायचं?

गेली सहा वर्षं आपण मिरवणुकीपुढे मर्दानी खेळ खेळतो. लाठी, फरीगदका, विटा, पट्टा आणि शेवटी तळहातावरचं लिंबू कापणं. हलगी-घुमकं वाजतं, लोक शिट्ट्या मारतात, आपण घामेघूम होऊन घरी जातो. धाकट्या पोरांना यंदा पावनखिंड करायची होती. त्यात प्रत्येकाला बाजीप्रभू व्हायचं असतं, सिद्दीच्या बाजूला उभं राहायला कुणी तयार नसतं. मागं एकदा केली तेव्हा पाच शत्रू आणि एकवीस मावळे अशी ती लढाई झाली होती.

मी दुसरंच मांडलं. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे कड्यानं सिंहगडावर चढले. ६ मार्च १६७३ च्या रात्री कोंडाजी फर्जंदांनी साठ माणसं घेऊन आपल्या डोळ्यांसमोरचा हा पन्हाळा घेतला. दोन्ही चढाया आपल्याला तोंडपाठ आहेत. पण दोन्ही वेळा वर कुणीतरी पहाऱ्यावर होतं. त्यानं त्या रात्री काय केलं? कुठं उभा होता, किती वेळ उभा होता, बदली कधी यायची होती? चढणाऱ्याचं नाटक आपण खूप केलं. यंदा वरच्या माणसाचं करून बघू. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत, खरोखरची एक रात्र.

"म्हणजे नुसतं उभं राहायचं? आणि बघणार कोण?"

कुणीच नाही, म्हटलं. पाच मिनिटं गोंधळ झाला. वस्ताद तोवर गप्प बसून पट्ट्याच्या खोबळ्याला तेल लावत होते. मग म्हणाले, "बरं हाय. पट्टा फिरवायला समद्यांस्नी येतोय. जागं ऱ्हायाला कुणाला येतंय ते तरी कळंल."

ठरलं. १९ फेब्रुवारीला सगळे मिरवणुकीत असतात, म्हणून रात्र २१ ची. शुक्ल चतुर्थी आहे, चंद्र लवकर मावळेल. अंधार मिळेल.

२ नोव्हेंबर

कार्तिकी एकादशी. निम्म्यांचा उपास, त्यामुळे बैठक शांत झाली.

वाचन सुरू केलं. सभासदाच्या बखरीत गडाची व्यवस्था नेमकी सांगितली आहे. हवालदार, सरनौबत आणि सबनीस हे तिघे एका प्रतीचे, कारभार तिघांनी मिळून करायचा. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरीची वही सबनिसाकडे, शिपाई सरनौबताच्या हाताखाली. एकटा फितूर झाला तरी गड जाऊ नये, हा त्यामागचा हिशेब.

त्यानंतर रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, १७१५ च्या सुमाराचं. 'संपूर्ण राज्याचे सार ते दुर्ग' हे वाक्य आपण टी-शर्टावर छापतो आणि पुढची पानं वाचत नाही. पुढं काय आहे? दारूखाना राहत्या घरांपासून लांब असावा. तिथं रात्रंदिवस राखण असावी. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं स्वतः येऊन दारू, बाण बाहेर काढावेत, उन्हात घालावेत आणि पुन्हा मोहोर करून ठेवावेत. गडावरचा केर खाली टाकू नये, जागोजागी जाळावा आणि ती राख परसात टाकून घरोघरी भाजी पिकवावी. स्वराज्याचा अमात्य केरकचऱ्यावर लिहितो आहे, आणि लढाईवर लिहावं तितक्याच गांभीर्यानं लिहितो आहे! मला ही पानं फार आवडतात. दमट हवेत दारू सादळते हे ज्याला माहीत नाही त्याचा गड शूर माणसं असूनही पडतो.

राज्याभिषेकाच्या सुमाराचं चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना गेलेलं महाराजांचं पत्रही सगळ्यांना वाचून दाखवलं. कुणी आगट्या करतील, कुणी तंबाखूला विस्तव घेतील, गवत पडलंय की वारा सुटलाय हे बघणार नाहीत. रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवत जळेल, मग घोडी खायची काय? आईनं झोपताना गॅस बंद केलास का विचारावं तसं पत्र आहे. फेब्रुवारीत गवत वाळलेलंच असणार. म्हणून आपला पहिला नियम तिथूनच: विस्तव एकाच जागी, शेजारी भरलेल्या चार घागरी.

बाकीचे नियम आमचे. मनगटी घड्याळ, मोबाइल, बॅटरी आत नाही. एक फोन आणि औषधांची पेटी गढीबाहेर, मालकांच्या घरी. कुणाला काही चावलं तर इतिहास बाजूला.

९ नोव्हेंबर

गढी बघून आलो. कोल्हापूरपासून तासाभरावर, खासगी मालकीची. मालकांना सगळे दादा म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. त्यांचं कुटुंब आता बाहेरच्या नव्या घरात राहतं.

पन्हाळ्यावरच का नाही, असं तिघांनी विचारलं. ११ जुलैला पॅरिसमध्ये जागतिक वारशाच्या यादीत बारा किल्ले गेले, त्यात पन्हाळा आहे, आता तर तिथंच करायला हवं, असा त्यांचा मुद्दा. माझं म्हणणं उलट. संरक्षित वास्तूत रात्री विस्तव घेऊन बसणं हा वारसा जपायचा प्रकार नव्हे. इथं दादा हो म्हणालेत, आणि दार खरोखर बंद करता येतं.

पायांनी मोजलं. प्रत्येक बाजू साठ पावलांच्या आसपास. बुरूज चार, त्यांतला वायव्येचा ढासळलेला; तिथून माती घसरून उतार झालाय, शेळ्या चढतात. पूर्वेला दरवाजा, दोन्ही बाजूंना देवड्या, एका फळीत दिंडी. अडसराची भिंतीतली खोबण शाबूत, अडसर मात्र नाही. फांजीवरून, म्हणजे तटावरच्या वाटेवरून, चालता येतं, पण दक्षिणेला दोन ठिकाणी जपून. आत सदरेचा चौथरा, विहीर, तुळशीवृंदावन. वायव्येला तटाबाहेर मुरमाड माळ, तिथं टिटव्या फार.

खेळाचे नियम ठरले. गडकरी चौदा, चढाईवाले सहा. चढाईवाल्यांनी रात्रीत केव्हाही, कुठूनही यावं. तुळशीवृंदावनात बेलाचं पान ठेवून कुणाच्या नजरेस न पडता परत गेले तर गढी त्यांची. झटापट नाही. पहारेकऱ्यानं बघून हाक मारली की चढणारा बाद.

२३ नोव्हेंबर

कपडे. भाड्यानं मिळतो तो 'मावळ्याचा ड्रेस' बंद. चकचकीत सॅटिन, सोनेरी पट्टी, सगळ्यांना एकच भगवा. मावळ्यांना गणवेश नव्हता. ज्याच्या घरी जे होतं ते तो घालून आला. आम्ही कोरं सुती कापड आणलं, काही तसंच ठेवलं, काही घरीच काथात बुडवलं. रंग प्रत्येकाचा वेगळा आला आणि तेच बरं झालं.

शिंपीकाकांना सांगितलं, बटण नको, चेन नको, बंदच हवेत. त्यांनी चोळण्याकडं बघून विचारलं, "आणि रात्री पोरगं घाईला लागलं तर?" नाडी सोडायचा सराव हाही प्रकल्पाचा भाग, असं वहीत लिहून टाकलं.

पायात कोल्हापुरी. यात काही शोधावं लागलं नाही.

३० नोव्हेंबर

घोंगड्या आल्या, दहा. सनगरांच्या मागावरच्या, दख्खनी मेंढीच्या लोकरीच्या, वर चिंचोक्याची खळ. नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते आणि मानेला टोचते. दोघांनी आतून मऊ अस्तर लावायचं सुचवलं. नाही. टोचणं कामाचं आहे, झोप लागत नाही.

उरलेल्या चार घोंगड्या घरांतून जमवल्या. एक वस्तादांच्या वडिलांची आहे. तिला अजून मेंढराचा वास येतो.

७ डिसेंबर

वेळ कशी मोजायची? घड्याळ नाही तर बदली कशी होणार? घटिकापात्र करायचं ठरलं. तांब्याची वाटी, तळाला बारीक भोक. पाण्यावर सोडायची, भोकातून पाणी आत येत जातं, वाटी बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. साठ घटकांचा दिवस, आठ प्रहर. रात्रीच्या वाट्याला चार प्रहर आणि तीस घटका. घटका, घटी, घडी, घड्याळ ही सगळी त्या वाटीचीच पिल्लं. 'त्याची घटका भरली' म्हणतो तेव्हा भरते ती हीच वाटी. जुन्या लग्नांत मुहूर्त साधायला घंगाळात हेच पात्र सोडत. आमच्यातल्या एकाच्या आजोळी अजून आहे, पण देव्हाऱ्यातलं म्हणून मामी देईनात.

तांबटकाकांकडून वाटी ठोकून घेतली, तीन-साडेतीनशे मिली पाणी मावेल एवढी. दीड मिलिमीटरचं भोक पाडलं आणि बादलीत सोडली. साडेनऊ मिनिटांत बुडाली. काका हसले. "घाई कुनाला हाय? आधी सुईएवढं पाडायचं, मग वाढवायचं. वाढवल्यालं कमी न्हाई हुत."

१४ डिसेंबर

भोक कथलानं बुजवलं, पुन्हा पाडलं, या वेळी एक मिलिमीटरच्याही आत. एकतीस मिनिटं. कानसाच्या टोकानं हळूच खरवडलं, अठ्ठावीस. पुन्हा, पंचवीस. मग सबनीस होणाऱ्या पोरानं डोकं चालवलं. भोकाला हात न लावता त्यानं वाटीच्या कडेला तांब्याची बारीक तार गुंडाळली. वाटी जड झाली, जास्त खोल बसली, पाण्याचा दाब वाढला आणि बरोबर २४ मिनिटांवर आली. तार काढली-घातली की अर्ध्या मिनिटाचा फरक पडतो. हे मला सुचलं नव्हतं.

पहाटेच्या गार पाण्यात दीड मिनिट जास्त लागतं, गार पाणी दाट. तेवढं चालवून घेऊ.

प्रहराला साडेसात घटका येतात. अर्धी वाटी कशी मोजणार? आळीपाळीनं सात आणि आठ धरायच्या. पहिला प्रहर सातचा, दुसरा आठचा, तिसरा सातचा, चौथा आठचा. दर घटकेला काशाच्या थाळीवर टोले.

२१ डिसेंबर

हत्यारं. वस्तादांचं म्हणणं, पहाऱ्यावर पट्टा नको. २०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्टा राज्यशस्त्र जाहीर झाला तेव्हापासून जो येतो तो पट्टाच मागतो. पण पट्ट्याचं पातं चार फूट, लवचीक, मूठ खोबळ्याच्या आत. एकदा हात घातला की त्या हातानं दार उघडता येत नाही, शिडी धरता येत नाही, नाकही खाजवता येत नाही. जिवा महालानं प्रतापगडाखाली सय्यद बंडावर चालवला तो क्षणाचा खेळ होता. रात्रभर उभं राहणाऱ्याला भाला आणि कमरेला तलवार. टेकायला भाल्यासारखं दुसरं काही नाही, हे उभं राहिल्यावर कळतं.

सगळी पाती बोथट, खेळातलीच. नऊ इंचांवरच्या धारदार पात्याला कायद्याचा प्रश्न येतो, म्हणून धार नाही म्हणजे नाही. लोहारांनी "जरा पाणी देऊ काय?" असं विचारलं, त्यांना हात जोडले.

बंदुका दोन, तोड्याच्या (धुमसत्या दोरीनं बार काढायच्या), म्हणजे तशा दिसणाऱ्या. सागवानी दस्ता, नळी आतून भरीव. दारू अजिबात नाही.

४ जानेवारी २०२६

तोडा. बंदुकीत दारू नसली तरी तोडा खरा करायचा होता, कारण पहारेकऱ्याची रात्र त्याच्याभोवतीच जाते. सुती दोरी सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवली. सोरा शेतीच्या दुकानात मिळतो, ठिबकमधून सोडायचं तेरा-शून्य-पंचेचाळीस ते तोच. दुकानदारानं विचारलं, "द्राक्षाला का केळीला?" सतराव्या शतकाला, असं सांगून त्याचा वेळ घेतला नाही.

पेटवलेली दोरी ज्वाला न धरता धुमसत जाते. आमची तासाला साधारण वीतभर जळाली. बारा तासांची रात्र, दोन बंदूकवाले, म्हणजे चोवीस विती, बारा हात तोडा. एका रात्रीत, एकही बार न काढता! दारूगोळ्याच्या हिशेबात आपण फक्त उडवलेलं धरतो. नुसतं तयार राहण्यातही एवढं जळत असतं, हे मला आज दोरी मोजताना समजलं.

दुसरी गोष्ट अंधारात कळली. शंभर पावलांवरून तो लाल ठिपका स्वच्छ दिसतो. बंदूकवाला चालायला लागला की ठिपका चालतो. चढणाऱ्याला वर किती माणसं आहेत, कुठं आहेत, कुठं नाहीत, सगळं फुकटात कळतं. मग आमच्यातल्या एकीनं फुटक्या मडक्याची खापरी आडवी धरायची युक्ती काढली. जमते, पण हात भरून येतो.

११ जानेवारी

जेवण. बटाटा, टोमॅटो, चहा वर्ज्य. शेंगदाण्याची लागवड आपल्याकडे वाढली ती एकोणिसाव्या शतकात, म्हणून शेंगाचटणीही गेली. कोल्हापुरी माणसाला यापेक्षा मोठा घाव नाही. त्याऐवजी कारळ्याची चटणी, ज्वारीची भाकरी, कांदा, गूळ, रात्री हुलग्याचं माडगं. माडगं करून बघितलं, सगळ्यांना आवडलं. चहाबद्दल अजून कुरकुर चालू आहे.

१८ जानेवारी

अडसर बसवला. बाभळीचा, दोघांनी उचलावा एवढा. खोबणीतून सरकवताना असा आवाज झाला की दादांच्या म्हातारी आई बाहेरून बघायला आल्या. त्यांनी लहानपणी हा आवाज ऐकला होता. त्या बराच वेळ देवडीत बसून होत्या, आम्ही दोनदा अडसर काढून-घालून दाखवला.

१ फेब्रुवारी

रंगीत तालीम, दोन प्रहरांपुरती. माघी पौर्णिमा, म्हणजे लख्ख उजेड. चढाईवाले सहाच्या सहा बाद, पहिल्या घटकेत. गडकऱ्यांना चढली.

घटिकापात्र चोख चाललं. पाणी दादांच्या घरून आणलं होतं, नळाचं.

एकच त्रास, टिटव्या. माळावरून गाय गेली तरी ओरडतात, कुत्रं गेलं तरी ओरडतात, काही नसलं तरी ओरडतात. दर वेळी वायव्येचा पहारेकरी हाक द्यायचा आणि सगळे तिकडं धावायचे. आठव्या वेळी सरनौबतांनी हुकूम काढला, "त्या टिटवीच्या मागं लागू नका. ती कशालाबी वरडती." आजींचं मत वेगळं, टिटवी रात्री ओरडणं चांगलं नव्हे. दोन्ही मतं वहीत नोंदवली.

८ फेब्रुवारी

पोलीस ठाण्यात अर्ज दिला. हत्यारं बोथट आहेत, बंदुका भरीव लाकडी आहेत, दारू नाही, मिरवणूक नाही, रस्ता अडवणार नाही. साहेबांनी दोनदा वाचला.

"डीजे?"

"नाही."

"पाहुणे, भाषण, स्टेज?"

"नाही."

"मग करताय काय?"

"पहारा, साहेब."

त्यांनी शिक्का मारला आणि रात्रपाळीच्या हवालदाराकडं बघून म्हणाले, "बघा, हे हौसेनं करतायत."

१९ फेब्रुवारी

मिरवणूक. खेळलो. लिंबू एका घावात कापलं गेलं. पायात गोळे आले आहेत, परवा उभं राहायचंय.

२१ फेब्रुवारी, रात्र (२२ ला दुपारी लिहिलेली)

सूर्य मावळता मावळता दरवाजा लावला. हवालदारांनी कुलूप घातलं, सरनौबतांनी ओढून बघितलं, सबनिसानं लिहिलं. तिघं एकमेकांवर अविश्वास दाखवतायत असं नव्या पोरांना वाटून हसू आलं. चौदांची हजेरी झाली. सबनीस मोडीत लिहितो, बोरूनं. शाई आणि कागदही त्यानंच जुळवलाय. घटिकापात्र विहिरीच्या पाण्यानं भरलेल्या घंगाळात सोडलं. पहिला टोला पडला तेव्हा खाली गावात टीव्हीवर कुठली तरी मालिका लागली होती, तिचं गाणं तटावर स्पष्ट ऐकू येत होतं.

पहिला प्रहर उत्साहाचा. सगळेच जागे, ज्यांची पाळी नाही तेही फांजीवर. जेवणं झाली. चंद्राची कोर उतरत गेली आणि दुसऱ्या प्रहराच्या सुरुवातीला मावळली. मग अंधार म्हणजे काय ते कळलं. डोळे सवयीचे होतात असं म्हणतात, ते खरं आहे, पण ते फसवायलाही लागतात. मी आग्नेयेच्या बुरुजावर होते. खालचं बाभळीचं झुडूप तीनदा सरकलं. एकटक बघितलं की वस्तू नाहीशी होते, जरा बाजूला बघितलं की दिसते. हे वस्तादांनी आधी सांगितलं होतं, तेव्हा मला ती म्हाताऱ्या माणसाची गंमत वाटली होती.

थंडी बेताची, पण दगडातून वर येते. घोंगडीची खोळ करून घेतली. ती टोचत होती, त्याबद्दल देवाचे आभार. पाय आळीपाळीनं उचलायचे, भाला या हातातून त्या हातात. बोलायचं नाही. अर्ध्या घटकेनंतर डोक्यात चहा सोडून दुसरा विचार नव्हता.

दुसऱ्या प्रहराची आठवी घटका भरली, टोले पडले, बदली आली. मी देवडीत जाऊन आडवी झाले. त्यानंतरचं इतरांनी सांगितलेलं.

तिसरा प्रहर लांबला. कुणाच्या लक्षात आलं नाही. वायव्येला आमचा सगळ्यात दणकट गडी होता, रोज पाचशे जोर मारणारा. त्याच्या हिशेबानं बदली यायला हवी होती, पण टोला पडेना. हाक मारून विचारावं तर बोलायची बंदी. तो उभाच राहिला. भाल्यावर रेलला. "झोपलो न्हवतो," तो म्हणतो, "डोळा नुसता मिटला हुता."

उजाडल्यावर हवालदार आणि सरनौबत बरोबरच गस्तीला निघाले. तुळशीवृंदावनात बेलाचं पान होतं, वर वाऱ्यानं उडू नये म्हणून एक खडा ठेवलेला. मिनिटभर कुणी बोललं नाही. तेवढ्यात बाहेरून दार वाजलं. "उघडा की रं, च्या ठेवलाय!" सहाही जण दादांच्या ओसरीवर आंघोळ करून बसले होते.

अडसर काढला. गड गेला होता, पण चहा पहिल्यांदा आम्हालाच मिळाला.

१ मार्च

सामान परत करणं आणि हिशेब. घोंगड्या उन्हात घातल्या. तोड्याचे साडेतीन हात उरले, म्हणजे कुणीतरी मध्ये विझवून ठेवला होता; कोण ते सांगत नाहीत. शिंपीकाकांचे शेवटचे पैसे दिले.

मग दोन्ही बाजूंच्या वह्या समोरासमोर ठेवल्या. चढाईवाल्यांकडं मनगटी घड्याळ होतं, बाहेर त्याला मनाई नव्हती. ते माळावर दीडपासून पोटावर पडून होते. दोन बंदूकवाल्यांचे लाल ठिपके त्यांनी मोजले होते. वायव्येला ठिपका नव्हता, कारण तिथं आपण भालेवाला ठेवला होता. तिथं कुणी नाही असं समजून ते आधी तिकडं सरकले, मग माणूस दिसला आणि अडीच तास तिथंच थांबून राहिले. चार वाजून दहा मिनिटांनी शेळ्यांच्या उतारानं वर आले. फांजीवरून त्याच्यापासून सहा पावलांवरून गेले.

घटकांचा हिशेब केला. उजाडायला तीस हव्या होत्या, वहीत सत्तावीस. पात्र आणून भोक उजेडात धरलं. आत हिरवट शेवाळाचा धागा. घंगाळात पोहऱ्यानं काढलेलं विहिरीचं पाणी होतं, गाळायचं कुणाला सुचलं नाही. तालमीला नळाचं होतं. पहिल्या दोन प्रहरांत गाळ खाली बसला असावा, मग कुणीतरी घंगाळात भर घातली आणि तो वर आला. तिसऱ्या प्रहरातली एकेक घटका वाढत वाढत चाळिशीला टेकली. चौथ्या प्रहराला बसलेल्या पोरीनं सवयीनं वाटी पालथी करून फुंकर मारली तेव्हा भोक मोकळं झालं. तिला आपण काही दुरुस्त केलं हेही माहीत नव्हतं. खऱ्या हिशेबानं वायव्येची बदली साडेतीनच्या आतच व्हायला हवी होती.

दणकट गडी हे ऐकून जरा मोकळा झाला. वस्तादांनी त्याला होऊ दिलं नाही. "पानी कुनी आनलं हुतं?" त्यानंच आणलं होतं.

पुढच्या वेळेसाठी: घंगाळावर दुहेरी फडकं, वायव्येला दोन माणसं, बदली मागायची खूण हवी, बोलता येत नसलं तरी भाल्याच्या टोकानं दगडावर तीनदा. तांबटकाका दुसरं पात्र ठोकून देतो म्हणालेत, दोन्ही एकदम सोडायची म्हणजे एक अडलं तर कळेल.

सबनिसाला म्हटलं, तिसऱ्या प्रहरातलं सगळं वाच. मोडी त्यालाच येते. त्यानं बोट ठेवून वाचलं. पाचवी घटका, तोडे बदलले. सहावी घटका, विस्तव पाहिला, घागरी भरलेल्या. मग जरा थांबून पुढची ओळ:

"सातवी घटका. वायव्येस टिटवी ओरडली. सरनौबतांचे हुकुमाप्रमाणे कोणी गेले नाही. गढीवर क्षेम."